हवामानाचा रेडिओ इंटरनेटवर ऐकताना



आपल्या वाचक-परिवारातल्या पुष्कळ घरांत आज सारखेच चित्र दिसते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आणि आईवडील इकडे. संध्याकाळच्या बातम्यांत ‘टेक्सासमध्ये पूर’, ‘ओक्लाहोमात वादळ’ असे काही कानावर पडले, की घास घशाखाली उतरत नाही. फोन करावा तर तिकडे लोक झोपलेले. मग कुणी जाणता भाचा मोबाइलवर एक दुवा उघडून देतो आणि म्हणतो, ‘‘मावशी, हा त्यांच्या गावचा हवामान रेडिओ. थेट ऐका.’’ यंत्राच्या आवाजात कुणीतरी एकसुरी इंग्रजीत वाऱ्याचा वेग, नदीची पातळी, उद्याचे तापमान सांगत असते. निम्मे कळते, निम्मे कळत नाही. तरी जिवाला थोडा आधार वाटतो.

हा रेडिओ म्हणजे नेमके काय, तो इंटरनेटवर येतो कसा आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे या लेखात पाहू. आपण ज्या पाड्यांवर काम करतो तिथेही वीज पडते, नाल्यांना लोंढा येतो. त्यामुळे या परदेशी व्यवस्थेतून आपल्यालाही घेण्यासारखे आहे.

चोवीस तास फक्त हवामान

अमेरिकेत ‘नोआ वेदर रेडिओ’ नावाची सरकारी सेवा आहे. ‘नोआ’ ही समुद्र आणि वातावरण या विषयांचे काम पाहणारी तिथली संस्था आणि ‘नॅशनल वेदर सर्व्हिस’ हे तिचे हवामान खाते. या खात्याची देशभर १२२ अंदाज कार्यालये आहेत. प्रत्येक कार्यालय आपल्या भागापुरते प्रसारण तयार करते. एक हजाराहून अधिक प्रक्षेपण मनोरे ते चोवीस तास ऐकवत असतात. त्यावर गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. सध्याची स्थिती, पुढचा अंदाज, नद्यांची पातळी, किनाऱ्यालगत समुद्राची अवस्था, एवढेच काही मिनिटांच्या फेऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले जाते.

ही प्रसारणे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या सात ठरावीक वारंवारतांवर होतात. आपला साधा एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो, म्हणून त्यावर ती लागत नाहीत. त्यासाठी वेगळा छोटा संच घ्यावा लागतो. सपाट प्रदेशात एका मनोऱ्याचा आवाज साधारण ६५ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. डोंगर आडवे आले की अंतर घटते.

पूर्वी कार्यालयातले कर्मचारी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ते लावत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे काम संगणकाच्या आवाजाकडे गेले. त्यातल्या एका आवाजाला ‘पॉल’ असे नाव आहे. आवाज रुक्ष असला तरी एक सोय झाली. इशारा लिहून होताच काही क्षणांत तो बोलला जाऊ लागला, ध्वनिमुद्रणासाठी थांबावे लागेना.

या सेवेचा खरा प्राण मात्र वेगळाच आहे. घरातला संच एरवी मुका असतो. धोक्याचा इशारा निघाला, की प्रक्षेपणातून आधी किरकिर केल्यासारखा एक सांकेतिक ध्वनी येतो. कोणता धोका, कोणत्या काउंटीत, किती वेळेपुरता, हे सारे त्या संकेतात भरलेले असते. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग. संचात आपल्या काउंटीचा सहा अंकी क्रमांक भरून ठेवला, की फक्त आपल्या भागाच्या इशाऱ्यालाच तो जागा होतो, मोठ्याने ओरडतो आणि मग सूचना ऐकवतो. रात्री दोन वाजता माणूस गाढ झोपेत असला तरी उशाशी ठेवलेला संच त्याला उठवतो. यंत्रणा चालू आहे ना हे पाहण्यासाठी दर आठवड्याला, बहुतेक ठिकाणी बुधवारी दुपारच्या सुमारास, चाचणी होते. आपल्याकडे तेव्हा बुधवारची रात्र असते.

दोन वादळांनी शिकवलेले

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत, चोवीस तासांच्या आत, अमेरिकेच्या १३ राज्यांत १४८ टोर्नेडो उठले. टोर्नेडो म्हणजे ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा जमिनीवर उतरणारा, घरेदारे उचलून नेणारा भोवरा. तीनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर वेदर रेडिओचे जाळे झपाट्याने वाढवण्याचे ठरले. १९७५ मध्ये, थेट लोकांच्या घरात इशारा पोहोचवणारी एकमेव सरकारी रेडिओ सेवा म्हणून तिला मान्यता मिळाली.

दुसरी घटना २७ मार्च १९९४ची, पाम संडेची. अलाबामा राज्यातल्या पीडमाँट गावाजवळच्या एका चर्चमध्ये सकाळची प्रार्थना चालू असताना टोर्नेडो इमारतीवर आदळला. २० जण मृत्युमुखी पडले, त्यांत लहान मुलेही होती. हवामान खात्याने इशारा काही मिनिटे आधी दिलेला होता. तो त्या सभागृहात पोहोचलाच नाही. पुढे मनोऱ्यांची संख्या वाढवून उरलेल्या वस्त्यांपर्यंत हा रेडिओ नेण्याचे काम हाती घेतले गेले, त्यामागे ही घटना होती.

या दोन घटनांपासून तिथल्या लोकांनी एक गोष्ट मनावर घेतली. अंदाज बरोबर असणे पुरेसे नाही. तो वेळेवर, त्या माणसाच्या कानापर्यंत जायला हवा.

इंटरनेटवर तो येतो कसा

आता आपल्या मोबाइलकडे वळू. आपण इथे बसून जे ऐकतो ते बहुधा थेट सरकारी कार्यालयातून येत नाही. तिकडे कुणी हौशी रेडिओप्रेमी आपल्या घरी एक संच लावतो. त्याची तार संगणकाला जोडतो. संगणक त्या आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो एका सर्व्हरकडे पाठवत राहतो आणि तिथून तो जगभर ऐकता येतो. यातले बरेचसे काम लोक स्वखर्चाने, सेवाभावाने करतात. वीजबिल त्यांचे, इंटरनेट त्यांचे. कुणी सुट्टीवर गेले, संगणक बंद पडला, की त्या गावचे प्रसारण बंद. म्हणून हवे ते प्रत्येक गाव सापडेलच असे नाही. जवळच्या मोठ्या शहराचे नाव घालून शोधावे. तो मनोरा आजूबाजूच्या अनेक काउंटींची माहिती देत असतो.

ऐकण्याला डेटा फार लागत नाही. बोलण्यापुरता आवाज असल्याने पुष्कळ प्रसारणे ३२ केबीपीएसच्या आसपास पाठवता येतात. हिशेब केला तर तासाला साधारण १४ एमबी होतात. दिवसरात्र चालू ठेवले तर मात्र ३४५ एमबी. तेव्हा हवे ते ऐकून झाले की बंद करावे. एक फेरी पुरी ऐकली, की त्या वेळची सारी माहिती कानावर आलेली असते.

ऐकताना अडणाऱ्या गोष्टी

पहिली अडचण मापांची. तिथे तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात. त्यातून ३२ वजा करावेत, उरलेल्याला ५ने गुणून ९ने भागावे, की सेल्सिअस मिळते. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे ३२ अंशांना पाणी गोठते आणि १०० अंश म्हणजे आपले जवळजवळ ३८. पाऊस इंचात सांगतात. एक इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. वारा ताशी मैलांत. एक मैल १.६ किलोमीटरचा. नदीची पातळी फुटांत.

दुसरी अडचण वेळेची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. टेक्सासचा बहुतेक भाग त्याहून आणखी एक तास मागे. त्यामुळे आपण सकाळी चहा घेत ऐकत असलो आणि रेडिओ ‘आज रात्री’ म्हणाला, तर ती रात्र तिकडे चालू झालेली असते.

तिसरी आणि महत्त्वाची अडचण दोन शब्दांची. ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ हे शब्द ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. वॉच म्हणजे संकटाला अनुकूल हवा तयार झाली आहे, लक्ष ठेवा, तयारीत राहा. वॉर्निंग म्हणजे संकट आले आहे किंवा येऊन ठेपले आहे, लगेच सुरक्षित जागी जा. मुलांच्या गावासाठी वॉच ऐकू आला तर घाबरून दहा फोन करू नयेत. वॉर्निंग ऐकू आली तर एक फोन जरूर करावा, मग तिकडे कितीही वाजलेले असोत.

इथे दुपार, तिथे रात्र

४ जुलै २०२५. टेक्सास राज्यातल्या केर काउंटीत, ग्वाडालुपे नदीच्या काठी, सुट्टीसाठी आलेले लोक आणि शिबिरांतली मुले झोपली होती. पहाटे १ वाजून १४ मिनिटांनी हवामान खात्याने अचानक येणाऱ्या पुराची वॉर्निंग काढली. ती वेदर रेडिओवर गेली, मोबाइलवरच्या आपत्कालीन संदेशांतही गेली. ४ वाजून ३ मिनिटांनी त्याहून तीव्र इशारा निघाला. नदी ४५ मिनिटांत २६ फूट चढली, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. त्या पुरात शंभराहून अधिक माणसे गेली. काठावरच्या काही जागी मोबाइलला धड सिग्नल नव्हता आणि बहुतेक जण झोपेत होते.

आता घड्याळाकडे पाहा. टेक्सासमध्ये पहाटेचे १ वाजून १४ मिनिटे म्हणजे आपल्याकडे सकाळचे ११ वाजून ४४ मिनिटे. त्या भागाचा रेडिओ इंटरनेटवरून कुणी पुण्यात किंवा नाशकात लावून बसले असते, तर स्वयंपाकघरात काम करता करता त्यांनी तो इशारा ऐकला असता. नदीकाठी झोपलेल्याला मात्र तो तेव्हाच कळला असता, जेव्हा उशाशी आरोळी देणारे काहीतरी असते.

इंटरनेटवरच्या प्रसारणाची मर्यादा इथे नीट दिसते. दूरवरच्या माणसाला ते माहिती देते. संकटात असलेल्याने मात्र त्यावर विसंबू नये. त्याची कारणे साधी आहेत. इंटरनेटवरून येणारा आवाज काही सेकंद, कधी मिनिटभर किंवा अधिक उशिरा पोहोचतो. टोर्नेडोच्या बाबतीत हाताशी असतात दहा-पंधरा मिनिटे, त्यातला एक मिनिटही मोलाचा. वादळात पहिल्यांदा जाते ती वीज, मग मोबाइलचा मनोरा. ज्या हौशी माणसाच्या घरातून प्रसारण येते, त्याचे घरही त्याच वादळात असते. शिवाय मोबाइलवर चालू केलेले प्रसारण आपण झोपताना बंद करतो, आणि बंद मोबाइल किरकिरीचा संकेत ओळखून कुणाला जागे करत नाही. बॅटरीवर चालणारा संच ते करतो.

तेव्हा परदेशातल्या मुलाबाळांशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारावा, ‘‘घरात वेदर रेडिओ आहे का? त्यात बॅटरी आहे का?’’ संच फार महाग नसतो. मराठी मंडळी तिकडे गेल्यावर बहुतेक सारे मोबाइलवर सोपवतात. त्यांना ही आठवण इकडूनच करून द्यावी लागते.

आदिवासी मुलुखात

अमेरिकेतल्या नावाहो या आदिवासी समाजाची भूमी ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरली आहे. क्षेत्रफळ सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव. वस्त्या एकमेकींपासून दूर. हजारो घरांत अजून वीज आलेली नाही. मोबाइलचे जाळे विरळ आहे. अशा मुलुखात ‘इंटरनेटवर ऐका’ हा सल्ला किती अपुरा आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

याच भूमीत अँटिलोप कॅन्यन नावाची चिंचोळी, खोल घळ आहे. लाल दगडाच्या देखण्या भिंती पाहायला जगभरचे लोक येतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी त्या घळीत उतरलेले ११ जण अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. घळीवर फारसा पाऊस नव्हता. पाऊस पडला होता वरच्या अंगाला, काही मैलांवर. डोक्यावरचे आभाळ पाहून माणसे आत उतरली आणि पाणी दुरून आले. सातपुड्यात किंवा मेळघाटात पावसाळ्यात नाला ओलांडणाऱ्याला हे समजायला एक क्षण पुरेल. आपल्याकडे ऊन असते आणि वरून लोंढा येतो.

अशा ठिकाणी दूरची बातमी जवळ आणणारे साधन लागते, आणि ते लोकांच्या भाषेत बोलावे लागते. नावाहो समाजाचे स्वतःचे केंद्र आहे, ‘केटीएनएन’. विंडो रॉक या त्यांच्या राजधानीच्या गावातून ते १९८६पासून ६६० किलोहर्ट्झवर ५० हजार वॅट शक्तीने बोलते. त्यावर नावाहो भाषेतले बोल ऐकू येतात. मध्यम लहरींचे हे प्रक्षेपण रात्री फार लांबवर जाते. दूरच्या माळरानावर, साध्या बॅटरीच्या रेडिओवर, म्हाताऱ्या मेंढपाळालाही आपल्या बोलीत बातमी कळते.

आपल्याकडे काय करता येईल

आपल्या देशात चोवीस तास फक्त हवामान सांगणारे असे वेगळे रेडिओचे जाळे नाही. पण साधने नाहीत असेही नाही. आकाशवाणीच्या बातम्यांत हवामान असते, आणि ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे इंटरनेटवरून ऐकता येतात. वसतिगृहात जिथे आकाशवाणीच्या जवळच्या केंद्राचा आवाज खरखरतो पण इंटरनेट मिळते, तिथे याचा उपयोग होतो. भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक आपल्याकडे या रंगांत दडलेला आहे.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप केले आहे. आपण उभे आहोत त्या जागेच्या २० ते ४० किलोमीटर परिसरात वीज पडत असेल तर ते सावध करते. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्थानिक भाषेत पीक-सल्ला मिळतो.

ही सारी साधने मोबाइलवर आहेत, म्हणून टेक्सासचा धडा इथेही लागू पडतो. गुरे राखणाऱ्या पोराच्या हातात मोबाइल नसतो. भात लावणाऱ्या बाईचा मोबाइल घरी फडताळात असतो. ज्या पाड्यावर सिग्नल मिळवायला टेकडीवर चढावे लागते, तिथे ‘दामिनी’ गप्पच राहते.

म्हणून प्रत्येक केंद्रावर एक साधी पद्धत घालता येईल. पावसाळ्यात रोज सकाळी एका कार्यकर्त्याने, शिक्षकाने किंवा वसतिगृहातल्या मोठ्या मुलाने हवामान ऐकायचे. जिल्ह्याचा रंग कोणता, हे फळ्यावर खडूने लिहायचे. बॅटरीवर चालणारा एक रेडिओ आणि जादा बॅटऱ्या कार्यालयात ठेवायच्या, म्हणजे वीज गेली तरी आकाशवाणी बंद पडणार नाही. नारिंगी किंवा लाल रंग आला की पाड्यांवर निरोप धाडायचा. कुठल्या पाड्याला कोण निरोप देईल, हे जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवायचे. आठवड्यातून एकदा निरोप पोहोचतो का, याची चाचणीही घ्यायची, अमेरिकेतल्या त्या बुधवारच्या चाचणीसारखी.

निरोप देताना ‘नारिंगी इशारा’ हे शब्द तिथे उपयोगाचे नाहीत. कोरकूत, पावरीत, गोंडीत किंवा माडियात, जिथली जी बोली असेल तिच्यात, सरळ सांगायचे, ‘‘आज दुपारनंतर गुरे माळावर नेऊ नका. गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका. संध्याकाळी नाला ओलांडू नका, पलीकडेच राहा.’’ हवामान विभागाचा अंदाज शंभर किलोमीटरवरून येतो. शेवटचा एक किलोमीटर तो चालत जातो, कुणाच्या तरी पायांनी आणि कुणाच्या तरी बोलीत.

ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी तिकडचा रेडिओ जरूर ऐकावा. ऐकता ऐकता इंग्रजी समजू लागेल, फॅरनहाइटचा हिशेबही जमेल. आणि या पावसाळ्यात आपल्या जवळच्या केंद्राला एखादा बॅटरीचा रेडिओ द्यावासा वाटला, तर सोबत तो रोज सकाळी कोण ऐकणार, हेही केंद्रावर विचारून घ्यावे.